राजनंदिनीची पाटी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी राजनंदिनीला तोंडावर सांगितलं, "बाई, मोबाइलवर वाचणं बंद करा. नाहीतर ही अर्धशिशी तुमचा पिच्छा सोडणार नाही." आता राजनंदिनीला वाचणं बंद कर म्हणणं म्हणजे म्हशीला रवंथ करू नको म्हणण्यासारखंच की! बी.ए.ला असताना कॉलेजातलं मराठीचं कपाट तिनं दोनदा संपवलं होतं. लग्न होऊन ढोकीजवळच्या या गावात आली, आणि हातात पुस्तक दिसलं रे दिसलं की सासूबाई, म्हणजे दगडाबाई, विचारायच्या, "कामं सरली वाटतं?" पुस्तक लपवायला जागा लागते, मोबाइलला लागत नाही. म्हणून गेली पाचसहा वर्षं ती मोबाइलच्या काचेवर वाचत होती. चुलीपाशी, गोठ्यात, गिरणीत दळण होईपर्यंत, जमेल तिथं. आणि मग डोकं धरून बसत होती.

तिची कॉलेजातली मैत्रीण निकिता धाराशिवला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिनं सांगितलं, "अगं, नुसतं वाचायचं यंत्र मिळतं. कागदावानी दिसतं, डोळ्यांवर उजेड मारत न्हाई. ये एकदा, दाखवते." राजनंदिनी ऑक्टोबरात दाताचं निमित्त काढून गेली. निकितानं टेबलावर दोन यंत्रं मांडली होती. एक तिचं स्वतःचं, तळहाताएवढं. दुसरं एका प्राध्यापकांकडून मागून आणलेलं, चांगलं वहीएवढं मोठं, त्यावर लेखणीनं लिहितासुद्धा येत होतं.

मोठं बघून राजनंदिनी हरखलीच. अक्षरं कशी ठसठशीत! पण निकिता पक्की ग्रंथपाल. येईल त्याच्या हातात मागेल ते पुस्तक कोंबणारी नव्हे. तिनं विचारलं, "कुठं वाचतीस?"

"उभ्यानं. एका हातात उलथनं असतं."

"मग मोठं बाद. मनगट दुखंल. कधी वाचतीस?"

"वेळ गावंल तवा. धा मिनिटं, पाच मिनिटं."

"मग उघडलं की होतं तिथंच पान आलं पाहिजे. हे लहान तसंच करतं. मराठी जोडाक्षरं बघ, नीट दिसायलेत का? स्वस्तातल्या यंत्रात 'क्ष' फुटतो. आणि कुणापुढं वाचतीस?"

हा प्रश्न काही कुठल्या जाहिरातीत नसतो. राजनंदिनी म्हणाली, "सगळ्यांपुढंच. म्हणून तर लहान पायजे. पिठाच्या डब्यामागं बसंल असं."

झालं, ठरलं. दुधाच्या पैशातून तिनं लहान यंत्र मागवलं. पार्सल निकिताच्या पत्त्यावर आलं आणि निकितानं ते धाराशिवच्या स्टँडवर, सुटत्या बसच्या खिडकीतून तिच्या हातात दिलं. दोघींनी सगळा विचार केला होता. समोरून कोण बघेल, शेजारून कोण बघेल, अंधारात उजेड कुणाच्या तोंडावर पडेल, सगळा. पाठीमागून कोण बघेल, याचा विचार तेवढा राहिला.

घरी येऊन तिनं यंत्र चालू केलं तर ते पहिल्याच फटक्याला मोबाइल नंबर मागायला लागलं. राजनंदिनीच्या बोटांनी दहा आकडे दाबलेसुद्धा. नंबर नवऱ्याचा, रणधीरचा. तुम्ही म्हणाल, बाई शिकलेली, स्वतःचा मोबाइल जवळ, मग त्याचा नंबर का? अहो, गॅसला तोच नंबर, रेशनला तोच, पोरीच्या शाळेला तोच, दवाखान्यात केसपेपर काढायलाही तोच. वीस वर्षं तिला कुणीही नंबर विचारला की तिच्या तोंडातून हाच निघायचा. स्वतःचा नंबर तिला पाठच नव्हता. स्वतःला कोण फोन लावतं?

रणधीर अंगणात बाजेवर होता. त्यानंच आत हाक मारली, "राजी, कसला ओटीपी आलाय गं?"

"वाचायच्या यंत्राचा," ती म्हणाली.

त्यानं हसत सहा आकडे सांगितले. तो हसला याचंच तिला केवढं बरं वाटलं.

दगडाबाईंनी त्या यंत्राला पाटी म्हणायला सुरुवात केली. "तुझी पाटी दुधात पडंल बघ," "तुझ्या पाटीवर म्हैस पाय दील." पण त्यात मोबाइलसारखं कुणाशी बोलता येत नाही, फोटो काढता येत नाही, हे एकदा कळल्यावर घरातल्यांना पाटीचा धाक राहिला नाही. राजनंदिनीचं डोकं दुखायचं थांबलं. आणि तिला एक नवीन छंद लागला. पाटीवर आवडलेल्या ओळीखाली रेघ मारता येत होती आणि शेजारी टिपण लिहिता येत होतं. पुस्तकातल्या एका गोडबोल्या सावकाराशेजारी तिनं लिहिलं, 'आमचे हे असेच. पाहुण्यांपुढं दोनदा हसतात, घरात एकदाही नाही.' लिहिलं आणि तिचं तिलाच हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा मनातलं कुठंतरी ठेवायला जागा मिळाली होती.

मग त्या जागेत तिनं खरी मोलाची गोष्ट ठेवली. तिची पोरगी सृष्टी बारावी सायन्सला होती. हुशार म्हणजे काय, पोरगी झोपेत सूत्रं बोलायची. तिला शेतीतली डिग्री करायची होती. रणधीरचं ठरलं होतं वेगळंच. भूमकडचं एक स्थळ, दांडगी जमीन, पेट्रोल पंप. अठरा पुरी झालीत, बारावी झाली की उजवून टाकायची. "शिकून तरी काय, शेतीच बघायची ना? त्यांच्याकडं हाय की शेती," असं तो म्हणायचा आणि स्वतःच्या विनोदावर खूश व्हायचा. तेव्हा राजनंदिनीनं आणि निकितानं गुपचूप सीईटीचा फॉर्म भरला. एकदा परीक्षा दिली, चांगले मार्क पडले, की चार माणसांत बोलायला तोंड राहील, एवढीच तिची हिकमत. परीक्षाच चुकली तर मात्र काही उरत नव्हतं. कागदावर लिहिलं तर सापडेल, मोबाइल तर कुणीही उचलतं. म्हणून तिनं पाटीवर, एका कादंबरीच्या सोळाव्या पानाशेजारी टिपून ठेवलं, 'सृष्टीचा फॉर्म भरला. धाराशिव सेंटर मागितलंय. तारीख आली की आदल्या दिवशी निकिताकडं मुक्काम.'

मार्चात एकदा सगळे जेवायला बसले होते. रणधीर भाकरी मोडत, अगदी सहज, आईकडं बघून म्हणाला, "आई, मी कसा माणूस हाय गं? पाहुण्यांपुढं दोनदा हसतो आन घरात एकदाबी न्हाई, व्हय ना?"

दगडाबाई म्हणाल्या, "काय बी बोलतूस."

राजनंदिनीच्या हातातला घास हातातच राहिला. तिनं रणधीरकडं बघितलं. तो ठेचा वाढून घेत होता. योगायोग असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण तिचेच शब्द, तिच्याच क्रमानं, आमटीच्या वाटीवरून तिच्याकडं परत आले होते. असा योगायोग असतो का कुठं? त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

आठवड्यानं बारावीचे पेपर संपले. सृष्टीनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि रणधीर तिला लाडानं जवळ घेऊन म्हणाला, "बाळा, आता सुट्टी. पण निकितामावशीकडं मुक्कामाला जायचं न्हाई हं. हितंच राहायचं. पाहुणे कधीबी येतील."

सृष्टीनं आईकडं बघितलं. आईचं तोंड पांढरं पडलं होतं. मुक्कामाचं तर सृष्टीलाही अजून सांगितलेलं नव्हतं.

राजनंदिनी गोठ्यात गेली आणि तिनं निकिताला फोन लावला. सगळं ऐकून निकितानं एकच विचारलं, "खातं काढताना नंबर कुणाचा टाकलास?"

"ह्यांचा."

"का गं?"

"सवयीनं."

निकिता हळू म्हणाली, "राजी, ते पुस्तकांचं खातं त्यांच्या मोबाइलवर बी उघडतं. तू मारलेली प्रत्येक रेघ, लिहिलेला शब्दन् शब्द तिकडं दिसतो. यंत्र तुझ्या हातात हाय, पण वही त्यांच्या खिशात हाय."

ऑक्टोबरापासूनचं सगळं राजनंदिनीच्या डोळ्यांपुढून गेलं. माहेरच्या आठवणीचं एक टिपण होतं. दुसऱ्या बाळाचं, जे राहिलं नाही, त्याचं एक होतं, ते तिनं कुणाला म्हणून सांगितलेलं नव्हतं. तेही वाचलं असेल. वाचून तो जेवायला बसला असेल, आमटीत मीठ कमी आहे म्हणाला असेल. मारलं असतं तर इतकं लागलं नसतं, असं तिला वाटलं. तिला त्याची किळस आली आणि नवऱ्याची किळस यावी याचं रडू आलं.

"बंद करून टाक ते खातं," निकिता म्हणाली. "तुझ्या नंबरवर नवीन काढ. सांग, तुझा नंबर काय?"

राजनंदिनीला सांगता येईना. मधले चार आकडे आठवेनात. निकिता चिडली. "अगं, माझ्या फोनवर दिसायलाय तुझा नंबर! थांब, सांगते. लिहून घे आन पाठ कर आधी!"

राजनंदिनीनं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं आकडे लिहिले. पण खातं बंद करायला ती तयार झाली नाही. "आत्ता बंद केलं तर त्यांना कळंल, मला कळलंय म्हणून. मग पोरीला घराबाहेर पाऊल टाकू देणार न्हाईत. परीक्षा होऊ दे."

पुढं पंधरा दिवस ती रोज पाटी उघडत होती, रोज दोन ओळींखाली रेघा मारत होती. कशाखाली मारतेय ते तिचं तिलाही कळत नव्हतं. वाचण्यातली चवच गेली होती. कुणीतरी खांद्यावरून वाकून वाचतंय आणि आपण पान उलटायची वाट बघतंय, असं तिला सारखं वाटायचं. धार काढताना मात्र ती भिंतीवरचे आकडे पुटपुटायची. दगडाबाईंना वाटलं, सुनेनं कसला जप धरलाय.

एप्रिलात निकिताचा फोन आला. हॉल तिकीट आलं होतं. या परीक्षेत प्रत्येकाची तारीख वेगळी असते. सृष्टीची बावीस, धाराशिव, सकाळची पाळी. राजनंदिनीनं पाटी उघडली, कादंबरीचं सोळावं पान काढलं आणि जुन्या टिपणाखाली लिहिलं, 'तारीख आली. सव्वीस. सेंटर लातूर.' खोटं बोलू नये म्हणून शाळेत धडे गिरवलेली बाई ती. खोटं लिहून ठेवायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रणधीर चहा पिता पिता फोनवर बोलत होता. गोड, मोकळं बोलत होता, "व्हय व्हय, पाहुणे, आमची काय बी अडचण न्हाई. सव्वीसलाच या. सव्वीस पक्की."

चुलीपुढं बसलेल्या राजनंदिनीनं ते ऐकलं. आतापर्यंत कुठंतरी वेडी आशा होती, की निकिताचं चुकत असेल. तीही गेली.

बावीस तारखेला मंगळवार होता. "बारावी पार पडली, येरमाळ्याला येडाईची ओटी भरून येतो," असं तिनं आदल्या दिवशीच घरात सांगून ठेवलं होतं. देवीच्या कामाला कोण नाही म्हणणार? पण ऐनवेळी दगडाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या! "मी बी येते. माझं बी ऱ्हायलंय दर्शन." त्या सोबत आल्या तर धाराशिव राहिलं आणि पेपर चुकला. तेवढ्यात रणधीर मागून म्हणाला, "आई, उन्हाची कुठं जाती? गुडघं धरून बसशील चार दिवस. सव्वीसला पाहुणे हायेत." त्यानंच आईला थांबवलं. त्याचं सगळं ध्यान सव्वीसवर होतं ना!

दोघी येरमाळ्याच्या बसमध्ये चढल्याच नाहीत. धाराशिवच्या बसमध्ये चढल्या. सृष्टी परीक्षेला आत गेली आणि राजनंदिनी बाहेर लिंबाखाली तीन तास बसून राहिली. पिशवीत ओटीचं खण-नारळ तसंच होतं. सृष्टी बाहेर आली ती घामाघूम. "मम्मी, फिजिक्स लई अवघड होतं. पण बाकीचं भारी गेलं," म्हणाली आणि भर रस्त्यात आईच्या गळ्यात पडली. राजनंदिनीनं स्टँडवरून पावशेर पेढे घेतले.

तिसऱ्या प्रहरी दोघी घरी आल्या. दगडाबाई पायरीवरच वाट बघत होत्या. "परसाद आणलाव का गं?" त्यांनी पदर पुढं केला. राजनंदिनीनं त्यात पेढा ठेवला. म्हातारीनं तो कपाळाला लावला, डोळे मिटून "येडाई, माझ्या नातीचं बरं कर गं माय" असं म्हणून मग तोंडात टाकला. धाराशिवच्या स्टँडवरचा पेढा!

राजनंदिनी तशीच आत गेली आणि डब्याला धरून उभी राहिली. नवऱ्याशी खोटं बोलताना तिला एवढं झालं नव्हतं. तो चोरून वाचत होता, त्याला चोरटं उत्तर मिळालं. पण या म्हातारीनं काय केलं होतं? चार दिवसांनी सव्वीस तारीख येणार, पाहुणे येणार, तेव्हा आणखी एक खोटं, मग त्याच्यावर आणखी एक. हे असं किती दिवस चालायचं? तिनं पिठाच्या डब्यामागून पाटी काढली.

दिवेलागण झाली होती. रणधीर अंगणात बाजेवर बसला होता. दगडाबाई उंबऱ्यात वाती वळत होत्या. राजनंदिनी ओसरीवर खांबाला टेकून बसली आणि सोळाव्या पानावर तिनं लिहिलं, 'आज बावीस. सृष्टीचा पेपर आज झाला, धाराशिवला. येरमाळ्याला आम्ही गेलोच नाही. सव्वीस मी खोटं लिहिलं, कारण तुम्ही वाचता हे मला कळलंय.' लिहून झालं आणि ती रणधीरकडं बघत बसली.

रोज या वेळेला तो मोबाइल काढायचा. आजही काढला. अंगठा वर-खाली फिरत होता, तोंडावर निळसर उजेड पडला होता. इतके महिने हा माणूस तिला वाचत होता आणि त्याला वाचताना ती आज पहिल्यांदा बघत होती. अंगठा थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यानं मोबाइल बाजेवर पालथा ठेवला.

"आईला देवीचा परसाद म्हणून पेढं चारलं?" तो म्हणाला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

"व्हय. त्याचं पाप माझ्या डोक्यावर," राजनंदिनी म्हणाली. "तुम्ही इतके महिने माझं मन चोरून वाचलंत, त्याचं कुणाच्या डोक्यावर?"

"चोरून कशाला? माझ्या नंबरवर खातं हाय. माझंच हाय ते."

"खातं तुमचं असंल. लिहिलेलं माझं होतं. त्या बाळाचं लिहिलेलं बी वाचलंत ना?"

रणधीरनं अंगणातल्या ट्रॅक्टरकडं बघितलं. मग म्हणाला, "सव्वीसला पाहुणे येणार. मी शब्द दिलाय."

"येऊ द्या. पोहे करते, चहा करते. पोरगी बाहेर येणार न्हाई. त्यांच्यापुढं उभी राहून मीच सांगते, तिनं परीक्षा दिलीय म्हणून."

"माझी इज्जत घालवणार तू?"

"माझी तुम्ही कवाच घालवलीत. जेवायच्या ताटावर."

रणधीरनं मोबाइल पुन्हा उचलला. अंगठा दोनदा, तीनदा फिरला. राजनंदिनीच्या मांडीवरची पाटी एकदम काळी झाली, मग पांढरी झाली. पुस्तकं गेली. रेघा गेल्या. सोळावं पान गेलं, बाळाचं टिपण गेलं. सगळं त्याच्या नंबरवर होतं, त्यानं काढून घेतलं. तो उठला आणि चपला घालून रस्त्याला लागला. सव्वीसला तो काय करेल, हे तिला ठाऊक नव्हतं.

उंबऱ्यातून दगडाबाईंचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मंग ओटी भरायची ऱ्हायलीच की गं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी जाऊ. आता मी बी येणार, सांगून ठेवते."

राजनंदिनीनं मान हलवली. पाटीवर आता एकच ओळ उरली होती. खातं उघडण्यासाठी मोबाइल नंबर टाका. तिनं दहा आकडे टाकले, एकेक करून, कुठंही न बघता. कमरेला खोचलेला तिचा स्वतःचा मोबाइल वाजला. सहा आकडे आले होते. ते तिला कुणाला विचारावे लागले नाहीत.